तापीचा डाग घेणारा परीट

शिरपूरजवळ तापीच्या काठाला आमचं गाव. झुलालभाऊ परीट आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. मला अक्का म्हणायचा. माणूस अबोल. दिवसभर घाटावर कपडे आपटायचे, सांजेला भट्टी लावायची, सकाळी घडी केलेलं गाठोडं दारोदार पोचवायचं. पण वर्षातले नऊ दिवस हा माणूस उलटं काम करायचा आणि गाव त्याला हसायचं. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

भादव्यात पूर ओसरायला लागला की तो कोऱ्या मांजरपाटाचं दोन हात कापड घ्यायचा. हिरड्याच्या पाण्यात उकळून काढायचा. मग नदीच्या कडेला अर्धं पाण्यात, अर्धं चिखलावर असं पसरून चार कोपऱ्यांना चार दगड ठेवायचा. हिरडा लागलेल्या कापडावर तापीचा गाळ काळा धरतो. पाणी रोज बोट-दोन बोट उतरायचं, उतरताना कापडावर एक रेघ सोडून जायचं. हा शेजारी उकिडवा बसून. हात लावायचा नाही. रेघ वाकडी पडली तर पडू दे, खेकडा चालत गेला तर जाऊ दे. नवव्या दिवशी कापड उचलायचं, सावलीत वाळवायचं, पत्र्याच्या पेटीत ठेवायचं. झालं.

भिकुबाई, त्याची बायको, होती तोवर तिचं तोंड चालायचं. "जगना परीट डाग काढतस, आनि हाऊ मना परीट डाग लई येस घर!"

तो हसायचा. एकदाच म्हणाला, "रोज तापीना पानीमा लोकेसना डाग सोडस मी. वरीसमा एक डाग तिना बी घेवाले पाहिजे."

भिकुबाई माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची.

मला त्या कापडांत सुरुवातीला गाळच दिसायचा. मग एका भादव्यात आमचे हे गेले. तेरावं झाल्यावर झुलालभाऊ त्या वर्षीचं कापड घेऊन आला आणि ओसरीवर पसरलं. "अक्का, तू घरमा व्हती ना, तवय नदी आशी उतरनी." नऊ रेघा. वरच्या दाट, खालच्या लांब लांब. मी रडून रडून कोरडी झाले होते. त्या रेघांवर बोट फिरवत मी किती वेळ बसले, मला कळलं नाही. तेव्हापासून मी त्याला हसले नाही.

अशी अकरा कापडं झाली. दुष्काळाच्या सालच्या कापडावर दोनच रेघा आणि एका शेळीचा खूर. मोठ्या पुराच्या सालचं सबंध काळं, मधे एक पांढरी वाट. मधल्या काळात भिकुबाईही गेली. त्या वर्षीच्या कापडाबद्दल तो कधी बोलला नाही, पण पेटीत ते सगळ्यांत खाली असायचं.

अठ्ठ्याऐंशी साली मुलाचं, सुकदेवचं, लग्न झालं. सून प्रमिला नरडाण्याची, परटाचीच लेक. कामाला वाघीण. तिच्या बापाची भट्टी तिकडे नावाजलेली. श्रावणात झुलालभाऊ मुलीकडे फैजपूरला आठ दिवस गेला. प्रमिलानं घर झाडायला काढलं, पेटी उघडली आणि आत अकरा मळकी कापडं! परटाच्या घरात! पोरीला लाज वाटली. सासऱ्याला खूश करावं म्हणून तिनं सोड्यात उकळली. डाग हटेनात. मग बापानं शिकवलेली युक्ती काढली, लिंबू आणि मीठ. एकेक रेघ चोळून काढली. बोटांची सालं निघाली. वर नीळ दिली, खळ दिली.

मी त्या आठवड्यात माहेरी होते. असते तर धावले असते.

मी परतले त्याच दुपारी झुलालभाऊ एसटीतून उतरला. दोरीवर अकरा कापडं बगळ्यासारखी पांढरी. प्रमिला दारात उभी, तोंडभर हसू. "आबा, बठ्ठा धोई टाकात! डाग भलता चिवट व्हता, पन म्या काढाच!"

त्यानं पिशवी खाली ठेवली. एक कापड दोन्ही हातांनी धरून उन्हाकडे केलं. मग दुसरं. अकराही बघितली. काही उरलं नव्हतं.

"हात चांगला शे तुना," म्हणाला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

मीच तिला सगळं सांगितलं. पोरीनं दोरीवरची कापडं एकेक उतरवून परत पेटीत ठेवली. सुकदेव भडकला. "बांध गाठोडं, चाल नरडाणाले!"

आतून झुलालभाऊचा आवाज आला. "काही नेवानं नही तिले. तिनी तिनं काम कयं."

प्रमिला राहिली. पण घरात तिचा आवाज नाही, सासऱ्याचा नाही. ती ताट वाढून भिंतीआड उभी राहायची. तो अर्धी भाकरी खाऊन उठायचा. भादवा आला, नदी भरली, उतरायला लागली. हा हलेना. मी म्हटलं, "भाऊ, कापड टाकत नहीस का?"

"काय टाकू अक्का? अकरा साल गयात."

काही गोष्टींना समजूत नसते.

दुसऱ्या दिवशी प्रमिला मला न विचारता, कोणाला न सांगता पेटीतल्या त्याच कापडांतलं एक घेऊन नदीवर गेली. मी घाटावर होते. तिनं कापड थेट वाहत्या पाण्यात पसरलं, वर दगड ठेवले. पाण्यानं एक कोपरा उचलला, मग दुसरा. ती धावून धरायची, परत निसटायचं. कमरेपर्यंत भिजली आणि हुंदके देऊ लागली.

वर काठावर झुलालभाऊ उभा होता. कधी आला कोण जाणे. थोडा वेळ त्यानं बघितलं. मग त्याला ते बघवेना. रागापेक्षा हातातलं कसब मोठं असतं. चुकीचं काम कारागिराला सोसत नाही.

"तठे नही व येडी! धारमा कोनी टाकस का?" धोतर खोचून तो उतरला. कापड ओढून कडेला आणलं. "दगड अठे. आनि आते हात लावू नको. बस."

ती बसली. तो बसला. दोघांमधे एक हात अंतर. नऊ दिवस ती कामं उरकून यायची आणि तशीच बसायची.

नवव्या दिवशी उचललं तर कापडावर जवळजवळ काहीच नाही. हिरडा दिलेला नव्हता, वर खळ. आरशावर श्वास सोडावा तेवढं फिकं काहीतरी. प्रमिलाचा चेहरा उतरला.

"आशीच उतरनी आवंदा नदी," झुलालभाऊ म्हणाला आणि कापड तिच्या हातात दिलं.

गेलेल्या रेघा परत आल्या नाहीत. भिकुबाई गेली त्या वर्षीच्या कापडाचं नाव त्यानं पुढेही काढलं नाही. धुतलेली दहा कापडं उरली होती. दर भादव्याला त्यातलं एक हिरड्यात उकळायचं आणि सासरा-सून दोघांनी नदीवर न्यायचं. अशी चार झाली, आणि ब्याण्णवच्या हिवाळ्यात झुलालभाऊ गेला.

प्रमिला अजून एकटी जाते. गेल्या भादव्यात मी काठी टेकत तिच्या शेजारी जाऊन बसले. तासभर बसलो. शेवटी मी विचारलं, "काय पाहस व?"

"काही नही, अक्का," ती म्हणाली. "पानी उतरी ऱ्हायनं."