दीड शेराचा पिक्चर

“दीड शेर!” असं म्हणून मावशी सूप उचलून आम्हाला दाखवायच्या. सुपात शेंगदाणे असायचे. त्याचा अर्थ, दुपारी टीव्हीवर लागलेला पिक्चर अगदी बेकार होता.

हे जरा समजावून सांगायला हवं. अंबाजोगाईला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मावशींची खानावळ होती. कॉलेजची आम्ही पंधरा-वीस मुलं तिथे दोन्ही वेळ जेवायचो. दुपारची ताटं उरकली की मावशी टीव्हीसमोर बसत आणि चटणीसाठी शेंगा फोडायला घेत. पिक्चर चांगला असला की हात थांबायचे. वाईट असला की हात चालायचे. त्यामुळे संध्याकाळी सुपात किती दाणे आहेत, त्यावरून पिक्चर कसा होता ते कळायचं. पसाभर दाणे म्हणजे उत्तम. अर्धा शेर म्हणजे बघण्यासारखा. दीड शेरापुढे मी तरी कुठला पिक्चर गेलेला पाहिला नाही. दीड शेर झाला की शेंगाच संपलेल्या असायच्या.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, जी टीव्हीशी भांडतात. पण मावशी भांडायच्या नाहीत. त्या निकाल द्यायच्या.

“वीस माणसं मारली त्यानं,” एका मारामारीच्या पिक्चरबद्दल त्या म्हणाल्या, “आन एकाच्या बी घरचं कुणी इचारायला आलं न्हाई. त्यास्नी बायकापोरं न्हाईत का?”

मालिकेतली सून स्वयंपाक करताना दिसली की मावशी पुढे सरकून बघायच्या. “बगा, रिकामी कढई हालवायली. इतकी साडी, इतके दागिने, आन तेल टाकायला पैसे न्हाईत व्हय?”

पण त्यांचा खरा राग विनोदी कार्यक्रमांवर होता. रात्री जेवणाच्या वेळेलाच एक कार्यक्रम लागायचा. त्यात माणसं पडायची, एकमेकांच्या थोबाडीत मारायची आणि मागून खूप लोक हसल्याचा आवाज यायचा. “आपल्या आदीच हसून मोकळे होतेत,” मावशी म्हणायच्या. “मग मी कावून हसू?” परीक्षकाच्या खुर्चीत एक बाई पोट धरून हसायची. “तिला हसायचा पगार हाय. आपल्याला कोण देतंय?”

पुरुषानं बाईचं सोंग घेतलं की त्या भाकरी थापायच्या थांबायच्या. “गडी पातळ नेसला, झालं? मी रोज नेसते, एक माणूस हसत न्हाई.”

आणि शेवटी, सगळे हसून झाल्यावर, एकदम बासरी वाजायची. विनोद करणारा माणूस डोळे पुसत आईबद्दल बोलायला लागायचा. आम्हा मुलांचे घास हातातच राहायचे. माझ्या तर डोळ्यांत पाणी यायचं, ते मी वरणाच्या वाफेवर ढकलायचो. मावशी मात्र चुलीपासून ओरडायच्या, “संपलं यांचं सामान! इनोद सरला की रडवतेत.”

आम्हा मुलांना मावशी ज्याच्या त्याच्या गावाच्या नावानं हाक मारत. मी घाटनांदूर. माझा खोलीतला जोडीदार नेकनूर. “अय घाटनांदूर, भाकर घे. लाजून कुणी पैलवान झालेलं न्हाई.” मी लाजायचो हे खरं आहे. आमच्या घरात कॉलेजला आलेला मी पहिलाच. कुठे काय बोलावं, किती बोलावं, हे मला अजूनही नीट कळत नाही. मला मावशींचं नवल वाटायचं ते यामुळे. आपल्याला जे वाटतं ते त्या तसंच्या तसं, मोठ्यानं सांगायच्या आणि त्यानं आभाळ कोसळायचं नाही.

दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा गॅदरिंगसाठी मी एक नाटुकलं लिहिलं. विषय मावशीच. टीव्हीवर शेरे मारणारी खानावळीची मावशी. मुलींपैकी कुणी ते काम करायला तयार होईना, म्हणून नेकनूर पातळ नेसला. मला धाकधूक होती. पण शेवटाला मी असं काही लिहिलं होतं की मावशी सगळं विसरतील, अशी माझी खात्री होती.

मी त्यांना बोलवायला गेलो. त्यांनी विचारलं, “किती लांबीचं हाय?”

“वीस मिनिटं.”

त्यांनी मनात काहीतरी हिशोब केला आणि गॅदरिंगला येताना पिशवीत शेंगा घेऊन आल्या.

दुसऱ्या रांगेत, आमच्या प्राचार्यांच्या बरोबर मागे त्या बसल्या. पडदा उघडला. मी विंगेतून स्टेजकडे बघतच नव्हतो, त्यांच्या हातांकडे बघत होतो. नेकनूर गुडघा धरून आत आला. हॉलमध्ये हशा झाला. मावशींच्या हातात एक शेंग होती, ती तशीच राहिली. मग संवाद सुरू झाले आणि कट्ट असा आवाज आला. मग पुन्हा. प्राचार्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, मावशींनी त्यांच्यापुढे चार दाणे धरले. शेवटी बासरी वाजली. नेकनूरनं मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवले आणि म्हणाला, “मी तुमची आईच आहे रे.” हॉलमध्ये बरेच जण डोळे पुसत होते. मावशींचे हात टीव्हीपुढे कधी चालले नसतील इतक्या वेगानं चालले होते.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. मी ढाल घेऊन खानावळीत गेलो. मावशींनी ढालीकडे पाहिलं, मला एक भाकरी जास्त वाढली आणि म्हणाल्या, “चांगलं झालं.”

मी घाबरलो. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून कुठल्याच खेळाबद्दल हा शब्द मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी टीव्हीवरच्या एका नवीन विनोदी कार्यक्रमाला त्यांनी इतकं झोडपलं की नेकनूर हसून पालथा झाला. माझ्याकडे वळून मात्र, “भाजी घे.” सगळी मुलं हात धुवून गेल्यावर मी तसाच बसून राहिलो.

“मावशी, माझं नाटुकलं कसं होतं ते सांगा ना.”

“सांगितलं की. चांगलं.”

“खरं सांगा.”

त्या भांडी गोळा करत म्हणाल्या, “तू लेकरू हायस. पयल्यांदा कायतरी केलंस. कावून मोडू?”

मग मी बोललो. इतकं सलग मी कुणाशी कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, “मावशी, घरी मी काहीही केलं तरी चांगलंच असतं. वडील ट्रॅक्टर चालवतात, माझ्या मार्कलिस्टवर हात फिरवून चांगलं हाय म्हणतात, नापासाची असती तरी म्हणाले असते. कॉलेजात सर म्हणतात, खेड्यातून आलास, त्या मानानं चांगलं आहे. सगळे त्या मानानंच म्हणतात. तुम्ही टीव्हीवरच्या एवढ्या मोठ्या लोकांना सोडत नाही आणि मला सोडता. म्हणजे मी त्यांच्या हिशोबात धरण्यासारखाच नाही का?”

मावशी हातातली ताटं घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी ताटं खाली ठेवली आणि टीव्ही बंद केला. मालिका चालू होती, ती मधेच बंद केली.

“बस,” त्या म्हणाल्या. “आन मंग रडायचं न्हाई.”

मी बसलेलोच होतो.

“बेकार होतं. लई बेकार. मला देवी केलंस तू! मावशीच्या वरणाला आईच्या हातची चव, असं लिहिलंस का न्हाई तू?”

“लिहिलं.”

“माझं वरण पातळ असतंय. सगळ्या अंबाजोगाईला ठाव हाय. तुमी पोरं त्यात तोंड बगून भांग पाडता. खोटं कावून लिहिलंस? आन डोक्यावरून हात! मी कवा रे हात फिरवला तुमच्या डोक्यावरून? पिठाचे हात असतेत माझे. आन ती बासरी. सामान संपलं तुजं, म्हणून बासरी आणलीस.”

मी मान खाली घातली. त्या थांबल्या नाहीत. नेकनूरची चाल तेवढी बरी होती म्हणाल्या. “गुडघा दुखतो तवा मी आदी भिंतीला हात लावते, मंग उठते. त्या पोरानं ते बगून केलतं. तू काय बगितलंस? तू नुसते गोड गोड लाडू वळलास.”

मग त्या जरा हळू बोलल्या. “दिवाळीच्या आदी मी आजारी पडलते. चार दिवस खानावळ बंद. तुमी समदे हाटेलात जेवायला गेलता. आन तिथं एकजण म्हणला, बरं झालं मावशी आजारी पडल्या, लई दिवसांनी चांगलं जेवलो. समदे हसले. आलं माझ्या कानावर. ते घालायचं नाटकात! ते इनोदी हाय. मला बी हसू आलतं, ताप असून.”

ते म्हणणारा मीच होतो. त्यांना ते ठाऊक होतं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. मी सांगितलं, “मावशी, ते मी म्हणालो होतो.”

“मंग लिही की,” त्या म्हणाल्या. “तुझ्याइतकं कुणाला ठाव हाय?” आणि टीव्ही चालू केला.

त्या रात्री खोलीवर पोचलो तेव्हा मला रडू यायला हवं होतं. उलट नेकनूरनं विचारलं, “काय बे, अशी शिट्टी कावून मारायलास?”

नवीन नाटुकलं लिहायला मला दोन महिने लागले. पातळ वरण आलं, हॉटेल आलं, माझं ते वाक्य आलं. तोवर मावशींचे गुडघे फारच बिघडले. भिंतीला हात लावूनही उठता येईना. लातूरला दिलेली त्यांची लेक येऊन सगळं आवरून गेली आणि मावशींनी तिच्याकडे जायचं ठरवलं. “तिच्याकडं टीव्ही भिंतीएवढा हाय म्हणं,” त्यांनी आम्हाला सांगितलं. “म्हणजे बेकार बी तेवढंच मोठं दिसंल.”

जायच्या दिवशी मी आणि नेकनूर सामान घेऊन स्टँडवर गेलो. गाडीला उशीर होता. मी पिशवीतून नव्या नाटुकल्याची वही काढली. बाकावर मावशी, शेजारी गाठोडी आणि समोर उभा राहून मी. मी हळू आवाजात वाचायला लागलो. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मावशी म्हणाल्या, “मोठ्यानं वाच. त्यास्नी बी कळू दे.”

मी वाचत गेलो. मावशी आजारी पडते इथपर्यंत आलो आणि लातूरची गाडी लागली. नेकनूरनं सामान चढवलं. मावशी दारापर्यंत गेल्या, एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथेच थांबल्या.

“वाच पुढं.”

कंडक्टर म्हणाला, “आजी, चढा लवकर. गाडी सोडायचीय.”

“थांब रे बाबा जरा. ह्यानं मला आजारी पाडलंय. मेले का वाचले ते तर कळू दे.”

मागे रांगेतली माणसं हसली. मी घाईघाईनं हॉटेलचा प्रसंग वाचला. माझं वाक्य आलं तेव्हा माझे कान गरम झाले, पण मी ते गाळलं नाही. कंडक्टर मोठ्यानं हसला. मग त्यानं मावशींकडे पाहिलं आणि हसू आवरलं. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. कंडक्टरनं मावशींना दंडाला धरून वर घेतलं आणि बेल मारली.

मी खिडकीखाली धावलो. “मावशी, कसं हाय? सांगा की!”

त्यांनी तोंड उघडलं, पण इंजिनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. गाडी मागे सरकली, मग वळायला लागली. मावशी आता शेजारी बसलेल्या बाईशी बोलत होत्या. त्या बाईनं काचेतून मला शोधलं, नीट खालीवर पाहिलं आणि पुन्हा मावशींकडे कान केला. मावशी बोटांवर एकेक मुद्दा मोजत होत्या. एक हात पुरला नाही, तेव्हा त्यांनी दुसरा घेतला.

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्या बोलतच होत्या.