दक्षिण ध्रुव, यावलमार्गे

आमच्या वाचनालयातले कारकून भर मे महिन्यात डोक्याला ओला पंचा गुंडाळून दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमा वाचायचे. पुस्तक बदलायला गेलं की बोट वर करून म्हणायचे, "थांबा भाऊ, आते बर्फनं वादळ चालू शे." मग त्यांचं पान संपेपर्यंत आपण उभं राहायचं.

एकदा ते आणि मी एकाच एसटीने जळगावहून यावलला निघालो होतो. गाडी वाटेत बंद पडली. एका म्हाताऱ्या अक्काला उन्हाने भोवळ आली आणि कुणाकडेच पाणी उरलं नव्हतं. कारकून ताडकन उठले. "बठ्ठा जन सावलीमा बसा. मी पानी लई येस!" आणि एकटेच उन्हात निघाले.

तासाभराने मी पिशवी काढायला टपावर चढलो, तर लांबून ते बैलगाडीत आरामात बसून येताना दिसले. वळणावरच्या लिंबाआड ते उतरले, भरलेली कळशी खांद्यावर घेतली आणि तिथून लंगडत लंगडत आले.

पाणी पिऊन अक्का म्हणाली, "कितला चालना रे भाऊ तू!"

त्यांनी वर टपाकडे पाहिलं. मी पिशवी शोधायला वळलो.

तेव्हापासून वाचनालयात नवं पुस्तक आलं की पहिलं मला मिळतं. वादळ चालू असलं तरी.