चव न घेतलेला भात

भाताला कान लावणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला. आमचे भाऊ गॅस बारीक करून पातेल्याशी वाकायचे, झाकणापासून चार बोटांवर कान न्यायचे आणि एक बोट वर करायचे. ते बोट वर असेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. "थांबा, अजून पाणी बोलतंय," असं ते म्हणायचे. आमची लेक तेव्हा सात वर्षांची. तिने एकदा विचारलं, "अंकल, आर यू प्रेइंग टू द राइस?" भाऊ म्हणाले, "थोडंसं तसंच."

भाऊ वसईचे ख्रिस्ती. दुबईत, करामामधल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही त्यांना भाड्याने दिली होती. बायको आणि मुलगी वसईला, हे इथे एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. ते खोली बघायला आले तेव्हा मी अटींची यादी तयार ठेवली होती. मी पुण्याची, अटी घालणं आम्हाला शिकवावं लागत नाही. पण पहिलं वाक्य त्यांनीच टाकलं. "वहिनी, दर शुक्रवारी मी बीफ घालून भात करतो. आधी सांगितलेलं बरं. मागाहून वासावरून कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे पाहिलं. आमच्या घरात अंडंसुद्धा नवऱ्याच्या सर्दीचं निमित्त करून आलेलं. पण इतकं खरं बोलणारा भाडेकरू पुन्हा कुठे मिळणार, असं मला वाटलं. उजवी शेगडी, एक पातेलं आणि एक डाव त्यांचा, असं ठरलं आणि यादी मी पर्समध्येच ठेवली.

खोटं कशाला बोलू, दोन महिन्यांत मी शुक्रवारची वाट पाहायला लागले. गाजर, फरसबी, मटार, कोबी मी चिरून द्यायची. भाजीला काय, ती कुठल्याही पातेल्यात गेली तरी भाजीच. त्यातली निम्मी घालून भाऊ आधी डाव्या शेगडीवर आमचा भात करायचे. मग हात धुऊन आपल्या बीफकडे वळायचे. आलं-लसूण-व्हिनेगर लावलेलं बीफ कुकरला, कांदा काळपट होईपर्यंत तेलात, आणि आईने घरी कुटून बाटलीत ठासून पाठवलेला मसाला. त्याच्याच पाण्यात तांदूळ शिजायचे. ते पाणी ते दोनदा चाखायचे, एकदा तांदूळ टाकण्याआधी आणि एकदा नंतर. बाकी सगळं डोळ्यांनी मोजायचं, मीठ मात्र जिभेने, हा त्यांचा नियम.

मग मंदी आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या क्रेन थांबल्या. आमच्या ह्यांचा पगार अर्ध्यावर आला, तो निदान येत होता. भाऊंच्या हातात मात्र पत्रच पडलं. व्हिसा रद्द झाला की तीस दिवस, तेवढ्यात दुसरी नोकरी नाही तर खलास, घरी परत. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते रोज बाहेर पडायचे, पार उम्म अल कुवैनपर्यंत बसने जाऊन यायचे. संध्याकाळी आम्ही काही विचारायच्या आत "इन्शाल्ला" म्हणून मोकळे व्हायचे. तो शब्द इतक्या थकून म्हणता येतो हे मला तेव्हा कळलं.

नऊ दिवस उरले असताना ते उड्या मारतच घरात आले. बरे दिवस होते तेव्हा ऑफिसच्या सहलीत त्यांनी साठ माणसांना हाच भात घातला होता. तो खाल्लेला एक लेबनीज माणूस आता अल क्वोजमध्ये कामगारांना जेवण पुरवणाऱ्या एका किचनचा मॅनेजर झाला होता. त्याला सुपरवायझर हवा होता. तो म्हणाला होता, शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या घरी जेवायला येतो, तोच भात कर, मग बोलू. पाहुणा अरब, म्हणून रमजान अजून लांब आहे ना याची खात्रीसुद्धा भाऊंनी करून घेतली होती.

शुक्रवारी चारला स्वयंपाक सुरू झाला. कुकर उघडला, भाऊंनी चमचाभर पाणी काढलं, फुंकर मारली, आणि चमचा ओठांपाशी तसाच राहिला.

"वहिनी, आज शुक्रवार."

मी म्हटलं, शुक्रवारच आहे, म्हणून तर चाललंय सगळं.

"लेंटमधला शुक्रवार. आज मला मांस चालत नाही."

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी भाऊ मांसाला तोंड लावायचे नाहीत. आदल्या वर्षी त्या दिवसांत उजवी शेगडी बंदच असायची. या माणसाने पाहुण्याचा उपास तपासला आणि स्वतःचा विसरला! आता स्वयंपाकघरात आम्ही दोघं, पातेलंभर बीफ, आणि ते चाखू शकेल असं कुणी नाही. नवरा हॉलमध्ये उशांचे अभ्रे बदलत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं, असं त्याचं म्हणणं.

मी चमचा मागितला. कसं कोण जाणे, पण मागितला. भाऊंनी तो पाठीमागे धरला. "नोकरी माझी आहे, वहिनी. त्यापायी तुम्ही का बाटायचं?"

शेवटी खाली जाऊन मी आमच्या बिल्डिंगच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, बोलावून आणलं. पेशावरकडचे खानसाहेब, सहा फूट उंच. चपला काढून ते दाराशी उभे राहिले. एक चमचा प्यायले, विचार केला, म्हणाले, "एक और." दुसऱ्यानंतर म्हणाले, "एक बोटी के साथ." बोटी खाऊन झाल्यावर निकाल दिला, "नमक थोड़ा कम है." भाऊंनी चिमूटभर टाकलं. खानसाहेबांनी तेही तपासलं.

सातला पाहुणा आला. गोल, हसरा, घामाघूम. पहिल्या घासाला त्याने डोळे मिटले आणि मी देव्हाऱ्याकडे बघून मनात हात जोडले. दुसऱ्यांदा वाढून घेताना त्याचं लक्ष भाऊंच्या ताटाकडे गेलं. त्यात आमचा भाजीचा भात होता.

"हबीबी, व्हाय यू डोन्ट ईट धिस?"

जेवण घालणाराच जेवत नाही, म्हटल्यावर कुणालाही शंका येईल. भाऊंनी खरं ते सांगितलं. लेंट आहे, शुक्रवार आहे, मी आज चवसुद्धा घेतलेली नाही.

पाहुण्याचा चमचा ताटात पडला. त्याने कॉलरमधून बारीक साखळी बाहेर काढली. तिला क्रॉस होता. अरब म्हणजे मुसलमानच, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललेलं. आणि तोही शुक्रवार विसरून दीड ताट बीफ खाऊन बसला होता. भाऊंचा चेहरा पांढरा पडला. नोकरी गेली, असं मलाही वाटलं. लेकीने तेवढ्यात विचारलं, "सो इज ही इन ट्रबल?"

आधी पाहुणा हसला. मग इतका हसला की ह्यांनी त्याला पाणी दिलं. मी ताट उचललं, दुसऱ्या ताटात आमचा भात वाढला, तोही त्याने दोनदा घेतला. हात पुसताना तो आपल्या इंग्रजीत जे म्हणाला त्याचा अर्थ असा, की माझ्या किचनमध्ये रोज पोत्यांनी माल येतो आणि सगळे आधी स्वतःच्या तोंडात टाकतात. नोकरी पणाला लागलेली असताना जो चमचा खाली ठेवतो, त्याच्याकडे मी कोठाराच्या किल्ल्या देईन. यल्ला, चल, रविवारी पासपोर्ट घेऊन ये.

भाऊ उठून स्वयंपाकघरात गेले. मीही मागोमाग गेले. ते नळ सोडून उभे होते आणि तोंड धुतोय असं दाखवत होते.

त्या नोकरीवर पुढे मुलगी नर्स झाली, वसईच्या घराला वरचा मजला चढला. आता भाऊ तिकडेच असतात. पण नोकरी लागली तेव्हा एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. किचनच्या सुपरवायझरला राहायचं अल क्वोजलाच होतं, म्हणजे आमची खोली सोडावी लागणार होती.

न्यायला किचनची व्हॅन आली. मागे माणूस बसेल एवढी डेगची, पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर बॅग घेऊन भाऊ. मी बाल्कनीत उभी. आता वर बघतील, हात करतील, म्हणून मी पदर सावरून तयार होते. पण ते त्या डेगचीकडे वळून ड्रायव्हरला बोटांनी काहीतरी विचारत होते, हिच्यात किती माणसांचा भात होतो असंच असणार. व्हॅन वळली तरी त्यांचं विचारणं चालूच होतं. त्यांनी वर पाहिलंच नाही, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की रडूच आलं.