कापूस तुडवणारी म्हातारी

इंग्रजी अंमलात मी चिखलीच्या बाजारासाठी कापसाच्या बैलबंड्या भरून घ्यायचो. गावातली एक म्हातारी रोज यायची, काठी चाकाला टेकवायची आणि वर चढून, बंडीत जास्त मावावा म्हणून कापूस तुडवायची. अंगणात घसरल्यापासून घरच्यांनी तिला बाजेवर बसवून ठेवलं होतं, तरी ती यायचीच.

"बसून बसून पाय गंजतेत, बाप्पा. अन् इथं पडली तं लागत नाही," ती मला म्हणाली. पडली की खदखदून हसायची आणि आपली आपण उठायची.

एकदा तिचा मुलगा चिडून तिला उतरवायला चढला आणि कापसात उताणा पडला. आम्ही पोट धरून हसलो. म्हातारीनं त्याला हात दिला नाही.

"एकदम नोको उठू, बाबू. आधी कुशीवर हो. आता गुडघा टेकव."

दुसऱ्या दिवशी ती वर कापूस तुडवत होती आणि तिची काठी धरून मुलगाच बंडीजवळ उभा होता.