माझ्या हिरोने टायरकडे बघितलं नाही

मंडळी, घरी आल्या आल्या लिहितेय.

माझं वजन हा आमच्या मालिकेचा हुकमी विनोद, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता माझ्या पात्राला प्रेमात पडायचंय. त्यासाठी लागणाऱ्या हिरोच्या भूमिकेसाठी आज पंचवटीतल्या एका हॉलमध्ये ऑडिशन होत्या. प्रसंग साधा: त्याने मला स्कूटरवर मागे बसायला सांगायचं.

जो येई तो आधी मला बघे, मग मागच्या टायरला. सगळे खो खो हसत. सवयीने मीही हसले.

मग घोटीचा एक जण आला. त्याने रुमालाने सीट पुसली आणि म्हणाला, "बस. सावकाश जाऊ."

मी बसले. कुणीच हसलं नाही.

दिग्दर्शक ओरडले, "अरे, टायरकडे बघ ना!"

"सर, त्याला ती आवडते ना? मग टायरकडं कशाला बघंल तो?"

"नेक्स्ट!"

मी स्कूटरवरून उतरलेच नाही. म्हटलं, "हाच हवा."

"ताई, लोक हसले नाहीत तर मालिका बंद पडेल."

"तो नसेल तर मीही नाही," असं सांगून आलेय. उद्या चॅनेल ठरवणार.

तुम्ही खरं सांगा. तो मला मागे बसवून निघाला, तर तुम्ही कुठे बघाल?