येसूअक्काचा हिना

येसूअक्का माझी थोरली चुलत जाऊ. वय सत्तेचाळीस, दोन्ही लेकी नांदायला गेलेल्या, आणि ही बाई रोज संध्याकाळी न्हाऊन हिना अत्तर लावणार. कुंभारवाड्यात लोकांचं पोट दुखायला एवढं बास झालं. "ह्या वयात कुणासाठी गं नटती?" म्हणून बायका कुचकुच करायच्या. अगं, नवऱ्यासाठी! आणि स्वतःसाठी. तुमचं काय जातंय?

वर्षातनं एकदा बेळगावला जाऊन ती बोटाएवढी बाटली आणायची. एकदा मलाबी लावलं. म्हणाली, "कमळे, लुगड्याला न्हाई लावायचं. मनगटावर लाव, कानामागं लाव. रगात गरम असतंय तिथं." लावल्या लावल्या मेंदीच्या ओल्या पाल्यागत कडवट वास आला. मी नाक मुरडलं. पर घटकाभरानं अंगाच्या उबेनं तो पार बदलला. जड, ऊबदार, तव्यावर शेकलेल्या लवंगेगत, आणि त्याच्या खाली माणसाच्या कातडीचा वास. माझाच हात मी धा वेळा हुंगला. लाजबी वाटली. सकाळी उशीला तोच वास होता, तवा कळलं अक्का रोज हसत का उठती ते.

आता आमच्यात एक नेम हाय. माणूस मधाला झाडावर चढायचा असला की त्याच्या घरात तीन दिस फूल न्हाई, वासाचा साबण न्हाई, अत्तर तर न्हाईच. वासानं आग्या माशा उठतात. अक्का हा नेम कधी मोडायची न्हाई. ह्या चैत्रातबी तिनं बाटली तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती.

तरी माशा उठल्या. तिचा नवरा, आमचे रामचंद्र भावजी, झाडावरनं पडले, पाय मोडला. खाली धूर धरणाऱ्या परशूचे दोन्ही डोळे माशा चावून सुजून मिटले, चार दिस दवाखान्यात होता बिचारा.

भावजींना घरी आणलं. अक्का माशांचा एकेक काटा उपटत होती, मी चुना घेऊन बसलेले. उजव्या कानाच्या पाळीत कापसाचा फाया सापडला. हिना! भावजींनी मान खाली घातली. "वर गेल्यावर भ्या वाटतं," म्हणाले. "हिचा वास संगं असला की वाटत न्हाई."

अक्काचे डोळे भरले, मग लालभडक झाले. मी बाहेर सांगायला उठले तर माझा हात धरला तिनं. "चूक त्यांची हाय. तेच सांगतील."

कुठलं सांगतात! आठ दिस गेले. सगळा गाव अक्काला शिव्या घालतोय, पाणवठ्यावर बायका घागर उचलून बाजूला होतायत, आणि हा बाबा खाटेवर पडून छताचे वासे मोजतोय. बायकोचा वास लागतो म्हणायची लाज वाटत होती म्हणे. आणि बायकोला शिव्या खायला घालायची लाज वाटत न्हाई व्हय?

शेवटी देवळापुढं गाव बसलं. आमचे बुदवंत दत्तात्रय, गावात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "येसू, तुझ्या नखऱ्यापायी दोन माणसं मरत होती. बाटली हितं ओत. पुन्यांदा अत्तराला हात लावणार न्हाई म्हणून देवाम्होरं बोल. न्हाईतर कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाईस."

भावजी पाय लांब करून तिथंच बसलेले. तोंडातनं ब्र न्हाई. माझं टाळकं सणकलं. जिभेलाबी माशा चावल्या व्हय वो, असं ओरडणार होते, एवढ्यात अक्का घरला गेली न् बाटली घेऊन आली. अर्ध्याच्या वर भरलेली होती.

तिनं बूच काढलं. देवाकडं बघितलंबी न्हाई. सरळ भावजींच्या पुढ्यात गेली आणि सगळी बाटली त्यांच्या डोक्यावर ओतली.

"ह्यांना पायजे होता वास," ती म्हणाली. "घ्या!"

उन्हात वास असा दाटला! वर्षभर नावं ठेवणारे बापये डोळे मिटून श्वास ओढत होते. नालायक कुठले.

भावजींच्या कपाळावरनं अत्तर डोळ्यात गेलं. "मी लावलं," ते म्हणाले. "चोरून. हिला ठावंबी नव्हतं. मीच."

बुदवंतांची मान खाली गेली.

अक्कानं बाटली उलटी करून तळहातावर झटकली. एक थेंबबी पडला न्हाई.

"आठ दिस आधी बोलला असता," ती म्हणाली, "तर माझं अत्तर वाचलं असतं."