समोरच्या दारावरचा काळा चौकोन

समोरच्या काकूंनी आमची बेल कधीच वाजवली नव्हती. फाटकाची कडी खडखडायची, मागोमाग ‘हाय का गं कुणी?’ असा आवाज यायचा आणि मी ‘या’ म्हणेपर्यंत काकू स्वयंपाकघरात पोचून कढईवरचं झाकण उचलून बघत असायच्या. बेल ही त्यांच्या मते परक्यांसाठी. आमची जुनी बेल चिमणीसारखी चिवचिवायची, ती कुरियरवाल्यांसाठी, मीटर बघायला येणाऱ्यासाठी आणि गणपतीच्या वर्गणीसाठी.

पण आम्ही दोघं आता दिवसाचा बराचसा वेळ वरच्या खोलीत असतो. चिमणी ऐकू येते की खरी चिमणी ओरडते यावर आधी आमचा वाद, मग गुडघे सांभाळत जिना उतरायचा, आणि दार उघडावं तर कुरियरवाला ‘घरी कोणी नाही’ असं कळवून पुढच्या गल्लीत गेलेला. शेवटी पुण्याहून मुलाने सांगितलं, कॅमेऱ्याची बेल बसवा आणि वरूनच बोला.

नवरा सातपूरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. निवृत्त झाल्यापासून घरात काहीतरी बिघडावं म्हणून तो टपूनच असतो. बॅटरीवाली बेल त्याला नको होती. ‘दर थोड्या दिवसांनी काढा आणि चार्ज करा, हा काय मोबाईल आहे?’ जुन्या बेलची वायर खांबापर्यंत गेलेली होतीच. पण ती चिमणी घरातल्या सरळ विजेवर चिवचिवायची आणि नव्या बेलला सौम्य वीज लागते, म्हणून मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागला. मेन स्विच बंद करून मला टॉर्च धरायला उभं केलं, आणि टॉर्च हलतो म्हणून तो माझ्यावर ओरडत राहिला. या माणसाच्या हाताखाली कंपनीतल्या पोरांनी कशी वर्षं काढली असतील, देव जाणे.

बेल लागली, फोनमध्ये फाटक दिसायला लागलं, आणि लगेच फोनने पैसे मागितले. महिन्याला अमुक भरा, तुमच्या दाराचं चित्रण आम्ही जपून ठेवतो. नवरा भडकला. ‘माझ्याच दारात कोण आलं हे बघायला मी भाडं भरू?’ बेलचा जो डबा घरात वाजतो त्यात नखाएवढं मेमरी कार्ड घालायची सोय होती. ते घातलं. चित्रण घरातच राहिलं, जागा संपली की जुनं आपोआप पुसलं जातं. पैसे न भरल्यामुळे आमची बेल जरा मठ्ठ राहिली एवढंच. माणूस असो, मांजर असो की भंगारवाल्याची गाडी, तिच्या लेखी सगळी नुसती ‘हालचाल’. अजूनही अधूनमधून ती पैसे भरायची आठवण करते, आणि विमा एजंटला चुकवावं तसा नवरा तिला चुकवतो.

आमची रो-हाउसची गल्ली अरुंद, घरं समोरासमोर. बेल फाटकाच्या खांबावर, त्यामुळे चित्रात आमचं फाटक थोडं आणि काकूंचं घरच जास्त यायचं. त्यांचा ओटा, तुळस, दार, सगळं. काकू मूळच्या लासलगावच्या बाजूच्या. काकांचा कांद्याचा व्यापार होता, मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी नाशिकला हे घर घेतलं. मुलं शिकली आणि शिकलेली मुलं जातात तिकडे गेली. काका वारले. काकू मात्र कुणाकडे राहायला गेल्या नाहीत. ‘तिकडं बाराव्या मजल्यावर ठेवत्यात, खाली माणूस मुंगीएवढं दिसतं,’ म्हणायच्या. दुपारी त्या ओट्यावर उन्हात पाय पसरून काहीतरी निवडत बसायच्या. थंडीत हरभऱ्याची भाजी, मेथी, लसूण. मी दोन कप चहा घेऊन जायचे. तोवर कित्येक वर्षं माझा दुपारचा चहा मी माझ्या घरात प्यायलेच नव्हते.

एका दुपारी त्यांच्या ओट्यावरच मी त्यांना मोठ्या हौसेने फोन दाखवला. काकूंनी चष्मा पुसून बघितलं.

‘अगं बाई, मी केवढी जाड दिसते यात!’

‘त्या काचेमुळे सगळंच पसरट दिसतं, काकू.’

‘म्हंजे मी दुपारची पाय पसरून बसते ते बी दिसतं?’

‘दिसतं की.’

‘आन् साठून ऱ्हातं?’

नवराही मागोमाग येऊन उभा होता. त्याने उत्साहाने त्यांना मेमरी कार्ड समजावून सांगितलं. काकूंनी पदर नीट केला, चहा चांगला झालाय म्हणाल्या आणि लवकर उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा. मी चहा घेऊन गेले तर काकू आत ट्यूबलाइटच्या उजेडात मेथी निवडत बसलेल्या. ‘थंडी लय हाय,’ म्हणाल्या. बाहेर ओट्यावर छान ऊन पडलं होतं आणि त्यात गल्लीतलं मांजर ऐटीत झोपलं होतं. पुढेही रोज तेच. मला फार वाईट वाटलं. आमच्या बेलपायी म्हातारीचं ऊन गेलं होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, ‘अहो, ती बेल दुसरीकडे फिरवा.’ ती फिरेना. मग त्याला फोनमध्ये एक सोय सापडली. चित्रातला जो भाग नको तो झाकता येतो. त्याने बोटाने एक चौकोन ओढला आणि तुळशीपासून गच्चीपर्यंत काकूंचं घर काळंभोर झालं. ‘आता तिकडे हत्ती नाचला तरी बेलला कळायचं नाही,’ तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं. मी तशीच चपला सरकवून, पेढे द्यायला निघाल्यासारखी फोन घेऊन समोर गेले.

काकूंनी बघितलं. ‘हे माझं घर?’

‘हो. आता तुमचं काहीच दिसत नाही. खुशाल पाय पसरून बसा.’

त्यांनी त्या काळ्यावरून बोट फिरवलं, काही पुसायला बघावं तसं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘जित्या माणसाच्या दारावर काळं फिरवलं गं तू?’

मी काहीतरी बोलायला लागले. ‘जा बाई, तुझा चहा निवत आसंल,’ म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. आमच्या गल्लीत भरदुपारी कुणी दार लावत नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला वाईट वाटलं त्याहून जास्त राग आला. दाखवलं तरी राग, झाकलं तरी राग, मग माणसाने करावं तरी काय? शकुन-अपशकुनाचं खूळ, दुसरं काय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. नवऱ्याने पुन्हा सगळ्या सेटिंग तपासल्या आणि गंभीरपणे सांगितलं की चौकोन पांढरा करता येत नाही. काळा एके काळा.

मग मीही जाईना आणि त्याही येईनात. फाटकाची कडी वाजेनाशी झाली. दुपारचा चहा मी वरच्या खोलीत नवऱ्यासमोर बसून पिऊ लागले. तो पेपर वाचत चहा पितो आणि मध्येच काहीतरी वाचून दाखवतो. मला करमेना. समोर जावं असं रोज वाटायचं आणि रोज मीच का जावं असंही वाटायचं.

संक्रांतीच्या दिवशी मी तिळाचे लाडू करत होते. पाक गॅसवर, तुपाने माखलेले हात. नवरा पंचवटीत भाजी आणायला गेला होता. गॅसशेजारी ठेवलेला फोन वाजला, घरातला डबाही वाजला. बेल. बघते तर काळ्या चौकोनाच्या खालून डोकावणारा काकूंचा अर्धा चेहरा. इतक्या जवळ आलेल्या की नाक आणि तोंडच दिसत होतं, डोळे त्या चौकोनात गेलेले.

कोपराने बटण दाबून मी म्हटलं, ‘काकू, अहो दार उघडंच आहे, आत या ना.’

‘नाय. हितूनच बोलते. तोंडावर बोलायला मला जमायचं नाय.’

मी फोनवर वाकले.

‘मी सकाळी उठले का पयलं तुझं दार बघते. तू दार उघडलं, दुधाची पिशवी आत नेली, का मंग माझा चहा ठेवते. तोवर नाय ठेवत. तुमचे काका गेले तवापासनं असंच हाय. चांगले रातच्याला जेवले, हसले, आन् सकाळी उठलेच नाय. पोरांचे फोन येत्यात गं, नाय असं नाय. पण ते रातच्याला येत्यात. रातच्याला बोललेलं माणूस सकाळी उठंलच असं कुठं हाय?’

मग काकू जरा हळू आवाजात म्हणाल्या, ‘मला वाटायचं, मी तुझं दार बघते तसं तू बी माझं बघत आसशील. आन् तू तर झाकूनच टाकलं. पाय दिसायची लाज वाटली मला, पण दाराला कसली लाज? दार दिसू दे. रांगोळी पडली का तेवढं बघत जा. नाय पडली, तर ये.’

पाक करपला. मी तसेच तुपाचे हात घेऊन बाहेर धावले. काकू खांबापुढे बसचं तिकीट काढायला उभं राहावं तशा ताठ उभ्या होत्या, हातात तिळगुळाची वाटी. मला रडू फुटलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मी संक्रांतीची काळी साडी नेसले होते.

‘आज तेवढं काळं चालतं,’ त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडात तिळगूळ कोंबला.

संध्याकाळी नवऱ्याने चौकोन पुसला. आता दिवसभर फोन ‘हालचाल, हालचाल’ करत असतो आणि तो कुरकुरत असतो. काकू पुन्हा ओट्यावर बसायला लागल्या. आधी मांडी घालून, देवळात बसल्यासारख्या. मग एक पाय सुटला, मग दुसरा.

मागच्या आठवड्यात एकदा सकाळी फार धुकं होतं. जाग आली तेव्हा फोन गप्प होता. तोंड धुऊन आले तरी गप्प. उघडून बघितलं तर समोरचं दार बंद, ओटा कोरा. नवऱ्याला हाकसुद्धा न मारता मी जिना उतरायला लागले, गुडघ्यांची आठवणही झाली नाही. चपलेत पाय घालते तोच हातातला फोन थरथरला. दार उघडलं होतं. काकू शालीत गुरफटून बाहेर आल्या, खाली वाकल्या, चार ठिपके दिले, चार रेघा ओढल्या. त्या दिवशी थंडीने त्यांना उठवतच नव्हतं, असं त्यांनी मला दुपारी सांगितलं.

रांगोळी झाली की काकू कमरेवर हात ठेवून सरळ होतात, आमच्या खांबाकडे बघतात आणि पांढरी बोटं वर करतात, शाळेत हजेरी द्यावी तशी. त्या दिवशीही केली. मी डोळे पुसले आणि लगेच आमचं दार उघडलं. काकूंचा चहा अजून व्हायचा होता.